गोष्ट आणि गोष्टीबाहेरचे

'या चित्रपटात काही घडतच नाही', ही कलात्मक चित्रपटांविषयीची नेहमीची तक्रार. कंधारसारख्या तालुक्याच्या गावी अध्यापन करताना प्रस्तुत लेखकाने ती विद्यार्थ्यांच्या तोंडून अनेकदा ऐकली आहे. ती रसिकतेचा अभाव म्हणून उडवून लावणे सोपे, परंतु अन्यायाचे आहे. कारकुनाची संध्याकाळ किंवा विद्यार्थ्याची रात्र फुकटची नसते. तिच्यातले दोन तास मागणाऱ्याने त्यांचा हिशेब दिलाच पाहिजे.

असा चोख हिशेब चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) या चित्रपटाने दिला. वृद्ध लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळे एका मॅनहोल सफाई कामगाराने आत्महत्या केली, या आरोपावरून चाललेला खटला, एवढेच त्याचे कथानक. परंतु मध्येच खटला बाजूला राहतो आणि कॅमेरा सरकारी वकील बाईंच्या मागोमाग लोकलने त्यांच्या घरी जातो. मूल, स्वयंपाक, सुटीच्या दिवशीचे नाटक; कथानक तसूभरही पुढे सरकत नाही. मात्र खलनायक शोधणाऱ्या प्रेक्षकाला तेथे आपल्याच शेजारचे घर दिसते.

अखेरीस उन्हाळी सुटी लागते, कोर्टातले दिवे मालवतात. गोष्ट येथे संपू शकली असती. परंतु पुढे सहलीला गेलेले न्यायाधीश बाकावर डुलकी घेताना दिसतात. मुले ओरडून त्यांना जागे करतात, ते एकाला थप्पड मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. शाहीर कोठडीतच आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ही डुलकी बोचते. कथानकाने दिलेले भांडवल नसते, तर हे दृश्य निव्वळ सहलीचे राहिले असते.

मराठी मनाला हा तोल वस्तुतः नवा नाही. नारदीय कीर्तनात पूर्वरंगी निरूपण आणि उत्तररंगी आख्यान असते. निरूपणावाचून आख्यान उथळ होते. आख्यानावाचून निरूपण श्रोत्यांना पेंगविते.

अर्थशास्त्रातील सीमांत उपयोगितेची कसोटी येथेही लागू पडावी. एखादे संथ दृश्य वगळले असता आपल्या आकलनात काही उणे होते काय? होत असेल, तर कंटाळा आवरून ते पाहणे हे प्रेक्षकाचे कर्तव्य. होत नसेल, तर ते कापणे हे दिग्दर्शकाचे. आपल्या विद्यार्थ्यांच्या तक्रारीला उत्तर द्यावयाचे, तर ही कसोटीच त्यांच्या हाती दिली पाहिजे.