पिढ्यांनी घडवलेलं सर्किट

ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठात एड्रियन थॉम्पसन या संशोधकाने १९९६ च्या सुमारास एका चिपपुढे साधं काम ठेवलं: एक किलोहर्ट्झचा सूर आणि दहा किलोहर्ट्झचा सूर वेगवेगळे ओळखायचे. इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी क्लॉकच्या ठोक्यांवर मोजणी करून हे सहज साधेल. थॉम्पसनने क्लॉक दिलंच नाही आणि आराखडाही स्वतः काढला नाही.

चिप होती झायलिंक्स कंपनीची एक्ससी ६२१६, एफपीजीए प्रकारची. अशा चिपमध्ये छोट्या कोशांची जाळी असते. कोणता कोश काय करणार, कुणाशी जोडला जाणार, हे बाहेरून भरलेल्या शून्य-एकांवर ठरतं. ते बदलले की तीच चिप नवं सर्किट बनते. थॉम्पसनने तिचा १० × १० कोशांचा एक कोपरा घेतला. दर कोशाला असे १८ शून्य-एक, म्हणजेच बिट; एका आराखड्याला १८००.

पहिले ५० आराखडे वाटेल तसे भरले. प्रत्येक आराखडा खऱ्या चिपवर चढवायचा, सूर ऐकवायचे, गुण द्यायचे. सरस ठरलेल्यांचा संकर करायचा, मधूनच एखादा बिट उलटवायचा, की पुढची पिढी तयार. पुणे जिल्ह्यातल्या किकवी-भोरकडचा शेतकरी भरदार लोंब्या बियाण्यासाठी बाजूला काढतो, तसंच हे. शेतात एका पिढीला वर्ष जातं, इथे चार-पाच मिनिटं. तरी सगळ्याला दोन-तीन आठवडे लागले. काही हजार पिढ्यांनंतर सर्किट बिनचूक ओळखू लागलं.

खरं नवल पुढे आहे. शंभरातल्या जेमतेम तिसेक कोशांना काम होतं. त्यांतले काही तर निकालाच्या वाटेशी तारांनी जोडलेलेही नव्हते, पण ते बंद केले की ओळख बिघडायची. पिढ्यांच्या या उत्क्रांतीने चिपला केवळ शून्य-एकाचं यंत्र मानलं नव्हतं. सिलिकॉनमधल्या भौतिक गुणधर्मांचाही फायदा उठवला होता. माणूस आराखडा काढताना हे गुणधर्म मुद्दाम झाकतो, कारण त्यांचा भरवसा नसतो.

हा अविश्वास रास्त आहे. तेच बिट चिपच्या दुसऱ्या भागावर चढवले की काम ढासळायचं, आणि तापमान ठरावीक पट्ट्याबाहेर गेलं तरी तसंच. म्हणून थॉम्पसनने पुढे वेगवेगळ्या तापमानांत ठेवलेल्या अनेक चिपांवर एकाच आराखड्याची परीक्षा घेतली. माझ्या मते या पद्धतीचा सर्वांत मोलाचा धडा हाच: परीक्षा जितकी खडतर, तितकंच पीक भरवशाचं. नासाने २००६ मध्ये एसटी-५ मोहिमेच्या उपग्रहांवर अशाच रीतीने संगणकाकडून घडवलेला, वेड्यावाकड्या तारेसारखा दिसणारा अँटेना पाठवला. आधी कसून चाचण्या झाल्या, म्हणूनच तो गेला. वाहनाच्या ब्रेकमध्ये मात्र न उलगडलेलं सर्किट बसवू नये, असं मला ठामपणे वाटतं.

थॉम्पसनच्या एक्ससी ६२१६ मध्ये कसेही बिट भरले तरी चिप जळत नसे. ती पुढे बंद झाली, आणि नंतरच्या बहुतेक चिपांमधल्या बिटांचा अर्थ कंपन्यांनी गुप्त ठेवला. २०१५ मध्ये आइसस्टॉर्म या खुल्या प्रकल्पाने लॅटिस कंपनीच्या आइस४० चिपांचे बिट उलगडून दाखवले, आणि हा प्रयोग पुन्हा कुणाच्याही आवाक्यात आला. किकवीपासून जवळच, धांगवडीला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी आइस४० चा एक बोर्ड घ्यावा. या चिपेबाबत न जळण्याची तशी खात्री नाही, म्हणून कोणते बिट उलटवायचे ते जपून ठरवावं, आणि सर्किटची परीक्षा जानेवारीच्या पहाटे तसंच मे महिन्यातल्या दुपारीही घ्यावी.