स्वस्त गिटार पेडलचा आवाज कसा सुधारतो?

इलेक्ट्रिक गिटार शिकणारे बहुतेक जण पहिलं ओव्हरड्राइव्ह पेडल स्वस्तातलं घेतात. काही दिवसांनी आवाज 'नाकातला' वाटू लागतो, आणि मग महागडं पेडल खुणावू लागतं. पण ते घेण्याआधी आपलंच पेडल उघडून पाहण्यासारखं आहे. कारण अनेक स्वस्त ओव्हरड्राइव्ह पेडल्समधलं सर्किट हे आयबानेझच्या प्रसिद्ध 'ट्यूब स्क्रीमर'चीच नक्कल असतं. त्यातले एकदोन भाग बदलणं म्हणजेच 'मॉडिफिकेशन' किंवा 'मॉड'.

आवाज पातळ का वाटतो?

या सर्किटमध्ये 4.7 किलोओहमचा रेझिस्टर आणि 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अशी जोडी असते. ती साधारण 720 हर्ट्झच्या खालच्या स्वरांना कमी वर्धन देते. गिटारची सर्वांत जाड तार 82 हर्ट्झला वाजते आणि सर्वांत बारीक तार मोकळी छेडली तर 330 हर्ट्झला. म्हणजे सहाही मोकळ्या तारांचे मूळ स्वर या रेषेच्या खालीच राहतात. म्हणून खर्ज मागे पडतो आणि मधले स्वर पुढे येतात.

कपॅसिटर 0.1 मायक्रोफॅरडचा केला, की ही रेषा सुमारे 340 हर्ट्झवर येते आणि आवाज भरदार होतो. मात्र हाव नको. फार मोठा कपॅसिटर घातला तर खालचे स्वरही जोरात फाटतात आणि कॉर्ड वाजवताना नुसता गोंगाट होतो. मूळ रचनेत खर्ज मुद्दामच आवरलेला असतो.

डायोडचं काम

आवाज 'फाटण्याचं' काम दोन उलटसुलट जोडलेले सिलिकॉन डायोड करतात. सुमारे 0.6 व्होल्टला ते लहरीचा माथा दाबतात. त्यांच्या जागी लाल एलईडी बसवले, तर ही मर्यादा दीड व्होल्टच्या पुढे जाते. मग आवाज मोठा आणि मोकळा होतो, पण फाटणं कमी होतं. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन डायोड ठेवले, की लहर दोन्हीकडे असमान कापली जाते. 1981 साली आलेल्या बॉसच्या 'एसडी-1'मध्ये हीच युक्ती आहे.

चिप बदलावी का?

जेआरसी 4558 या चिपचा बोलबाला फार आहे. पण गिटारच्या स्वरपट्ट्यात वर्धन किती व्हायचं, हे मुख्यतः चिपभोवतालचे रेझिस्टर आणि कपॅसिटर ठरवतात. त्यामुळे पैसे आणि कष्ट आधी तिथे घालावेत.

हात घालण्यापूर्वी

- काही स्वस्त पेडल्समध्ये भाग अगदी बारीक आणि बोर्डाच्या पृष्ठभागावरच चिकटवलेले असतात. नवख्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. पाय बोर्डातून आरपार गेलेले भाग बदलणं सोपं असतं.
- बॅटरी आणि अडॅप्टर काढून ठेवा, बोर्डाचा फोटो घ्या.
- एका वेळी एकच भाग बदला. मूळ भाग जपून ठेवा.
- पेडल उघडल्यावर वॉरंटी जाऊ शकते, हे लक्षात असू द्या.
- 9 व्होल्टवर चालणारं पेडल धोकादायक नसतं. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर मात्र अनुभवाशिवाय उघडू नका. त्यात जीवघेणा व्होल्टेज असतो.

कपॅसिटर आणि डायोड काही रुपयांत मिळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली ही त्यांची ओळखीची ठिकाणं.

फरक खरा की भास?

जरा मोठा आवाज कानाला नेहमी 'चांगला'च वाटतो, आणि मॉडनंतर पेडलचा आवाज अनेकदा वाढलेला असतो. म्हणून बदलाच्या आधी आणि नंतर तीच ओळ रेकॉर्ड करा. दोन्हींचा आवाज सारखा करून ऐका. तरीही नवा टोन आवडला, तरच तो ठेवा.