जुन्या सॅक्सोफोनची पारख

सॅक्सोफोन म्हटला की आपल्यापुढे लग्नाची वरात उभी राहते, नाही तर मनोहारी सिंगांनी हिंदी सिनेमातल्या गाण्यांत भरलेले ते आर्जवी सूर. आडॉल्फ साक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ साली पॅरिसला या वाद्याचे पेटंट घेतले. अंग पितळेचे, पण सूर निघतो तो पत्तीतून. म्हणून जाणकार त्याला सनईच्याच पंगतीत बसवतात.

आता तुमच्या घरी कोणाला जुना सॅक्सोफोन घेण्याची हौस आली आहे, असे समजा. १९५४ साली निघालेल्या ‘सेल्मर मार्क सिक्स’वर वादक अजून जीव टाकतात, पण त्याचा भाव ऐकूनच डोळे पांढरे व्हायचे! त्या मानाने स्वस्त मिळतात ती १९२०नंतरच्या दशकातली अमेरिकन वाद्ये, आणि खरी फसगत तिथेच. त्या काळी तिकडे घरोघरी पियानोच्या साथीला ‘सी मेलडी’ नावाचा सॅक्सोफोन फुंकला जाई. आकाराने तो आल्टो आणि टेनर यांच्या मधला. विकणारा खुशाल टेनर म्हणून गळ्यात बांधतो. शिवाय अंगावरच्या क्रमांकाजवळ ‘एल’ अक्षर आहे की ‘एच’, हे पाहावे. ‘एल’ म्हणजे आजची पट्टी, सेकंदाला ४४० कंपनांची. ‘एच’ म्हणजे सुमारे ४५७ची, जुनी चढी पट्टी. माउथपीस मागे ओढून एखादा सूर जुळेलही, पण भोकेच त्या पट्टीच्या हिशेबाने पाडलेली. बाकीचे सूर रुसून बसतात. असे वाद्य कोणी फुकट दिले तरी घेऊ नये.

बाकीची दुखणी बरी होण्यातली. अंधाऱ्या खोलीत नळीत बारीक दिवा सोडावा आणि झाकणे एकेक करून मिटावीत. जिथे उजेडाची रेघ दिसेल, तिथून वाराही निसटतो. झाकणांखालच्या चामड्याच्या गाद्या वाळून कडक झालेल्या असतात, त्या बदलाव्या लागतात. हे काम मात्र कारागिराचेच. गादी केसभर तिरपी बसली तरी खालचे सूर फुटतात.

आणि कृपा करून हे वाद्य दिवाळीच्या भांड्यांबरोबर चिंच लावून घासायला काढू नका! यंत्रावर घासून नवा मुलामा दिला तर कोरीव नक्षी पुसट होते, पत्रा झिजतो आणि शौकिनांच्या बाजारात भावही उतरतो. काळवंडलेले पितळ सुराच्या आड येत नाही.

वाद्याच्या पेटीत मूळ माउथपीस सापडला तर तो गार पाण्याने धुवावा, कढत पाण्याने एबोनाइटचा रंग उडतो. तो जपून ठेवा. जुन्या सॅक्सोफोनचे सूर पुष्कळदा त्याच्याशीच नीट जुळतात.