फेनिल आणि फिनाइल : घरातील स्वच्छता-द्रव्यांची निवड

मुंबई-हावडा लोहमार्गावरील दरेकसा हे महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचे स्थानक होय. त्यापुढील बोरतलाव छत्तीसगडात येते. सालेकसा तालुक्यातील हे गाव पर्यटकांना हाजरा धबधब्यामुळे आणि गोंड समाजाला कचारगडच्या गुहेमुळे परिचित आहे. माघ पौर्णिमेच्या यात्रेस अनेक राज्यांतून भाविक येथे येतात. रुग्णसेवेच्या निमित्ताने आमचेही या परिसरात जाणे होते. तेथील एका प्रसंगामुळे प्रस्तुत लेख लिहिणे आम्हांस आवश्यक वाटले.

एका सूतिकेच्या घरी आम्ही सांगून आलो होतो की, खोली स्वच्छ ठेवा, जमीन फिनाइलने पुसा. घरच्यांनी दुकानातून सुटे पांढरे फिनाइल आणले. ते शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत मिळाले होते व बाटलीवर चिठ्ठी नव्हती. सूतिकेच्या तीन वर्षांच्या थोरल्या मुलाने ते दूध समजून तोंडास लावले. आजीने घाईघाईने मिठाचे पाणी पाजून त्यास वांती करविली. त्यानंतर मुलास खोकला व श्वास सुरू झाला. पुढे रुग्णालयात उपचार होऊन मूल बचावले. दोष आम्ही आजीस दिला नाही. दुकानदारासही एकट्यास देता येत नाही. फिनाइल वापरा असे आम्हीच सांगितले होते. कोणते, किती, कशात ठेवावे हे मात्र सांगितले नव्हते. द्रव्य सांगून मात्रा न सांगणारा वैद्य जो अपराध करतो, तोच आमच्याकडून घडला.

आधी धुणे, मग निर्जंतुकीकरण

स्वच्छता-द्रव्यांची निवड करताना पहिला प्रश्न मळाचा आहे. धूळ, तेलकटपणा, क्षारांचे थर आणि रोगजंतू हे चार निरनिराळे मळ असून त्यांना एकच द्रव्य लागू पडत नाही. तेलकट मळास साबण किंवा रिठा, नळाच्या तोटीवरील पांढऱ्या थरास लिंबू अथवा चिंच, आणि मलमूत्राने दूषित जागेस जंतुनाशक, अशी योजना करावी लागते. त्यातही क्रम महत्त्वाचा. जंतुनाशकाचे, विशेषतः क्लोरिनचे, बल मळाशी झुंजण्यातच खर्ची पडते. म्हणून जागा आधी साबणाच्या पाण्याने धुवावी व मगच जंतुनाशक लावावे. रोजच्या घरकामास बहुधा साबण, पाणी आणि ऊन एवढेच पुरते.

हा क्रम आपल्या संहितांना नवा नाही. चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात बालकाची वस्त्रे व अंथरुणे उत्तम धुतलेली, धुपविलेली व कोरडी असावीत असे सांगितले आहे. धूपन हे धुण्याची जागा घेत नाही, ते धुण्यास जोड देते. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकोणिसाव्या अध्यायात व्रणी रुग्णासाठी मोहरी, निंबपत्रे, तूप व लवण यांचे धूपन दिवसातून दोनदा, दहा दिवस सांगितले. त्यातही द्रव्य, वेळ व काल तिन्ही निश्चित आहेत. आज सूतिकेच्या बंद खोलीत मनास येईल तेवढा धूर कोंडणे हे त्या उपदेशाचे पालन नव्हे. नवजाताच्या व श्वासरोग्याच्या खोलीत धूर साचू देऊ नये.

घरच्या द्रव्यांचे बल व मर्यादा

रिठ्यास संस्कृतात अरिष्टक म्हणतात, तसेच फेनिलही म्हणतात. फेस आणणारे ते फेनिल. त्याच्या सालीतील सॅपोनिन हे द्रव्य तेलकट मळ सोडविते. रेशमी वस्त्रे, दागिने व भांडी यांस ते उत्तम. मात्र रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेल्यास तीव्र दाह होतो आणि पोटात गेल्यास वांती होते. ते एक-दोन दिवसांत आंबते, म्हणून थोडेच करावे.

गोंदिया जिल्हा धानाचा. येथे तुसाची राख मुबलक असते. तिच्यात मुख्यतः सिलिका असल्याने ती भांडी घासते, जंतू मारते असे समजू नये. कोरडी राख उडवून घासल्यास ती श्वासावाटे आत जाते, म्हणून ओली करून वापरावी. लाकडाची राख क्षारयुक्त असते. पलाशाच्या राखेचा क्षार आपण जाणतोच. तिने तेलकटपणा जातो, पण हातांची त्वचाही रुक्ष होते. निंबपत्रांच्या पाण्याने जमीन पुसणे चांगले. परंतु अतिसाराच्या रुग्णाच्या शौचालयासाठी तेवढ्यावर विसंबणे योग्य नाही.

बाजारातील द्रव्ये

फिनाइल आणि फेनिल यांत नाद सारखा असला तरी नाते नाही. काळे फिनाइल दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या फिनॉलवर्गीय द्रव्यांचे बनते. पांढरे फिनाइल बहुधा पाइन तेलाचे असते. दोन्ही पाण्यात घातल्यावर दुधासारखी दिसतात आणि लहान मुलांच्या बाबतीत धोका येथेच आहे. काळ्या फिनाइलचे बल रिडील-वॉकर गुणांकाने मोजतात. शुद्ध फिनॉलच्या तुलनेत जंतूंवर ते किती प्रभावी आहे, हे त्या अंकावरून कळते. औषधे नियम, १९४५ (पूर्वीचे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) यांच्या परिशिष्ट ‘ओ’ मध्ये जंतुनाशक द्रवांची मानके दिली आहेत. ज्या बाटलीवर घटक, उत्पादकाचा पत्ता, तारीख व पाण्यातील प्रमाण नाही, तिचा केवळ उग्र वास हे गुणाचे प्रमाण नव्हे.

ब्लीचिंग पावडर स्वस्त व प्रभावी आहे. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरिन असतो. पिशवी उघडी राहिल्यास तो उडून जातो. ताज्या पावडरीचे ३० ग्रॅम एक लिटर पाण्यात घातले असता सुमारे १ टक्का द्रावण होते. मलाने दूषित जागेस ते योग्य, साध्या फरशीस एवढ्या तीव्रतेची गरज नाही. द्रावण रोज ताजे करावे, हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी. कोविडच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारू नये असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने बजावले होते, तेही येथे स्मरावे.

आता संयोगविरुद्धाविषयी. मध व तूप समप्रमाणात घेऊ नये हे आपण रुग्णांना आवर्जून सांगतो. शौचालयातील विरुद्ध संयोग मात्र सांगत नाही. ब्लीचिंग पावडर आणि आम्ल एकत्र आले की क्लोरिन वायू निघतो. ब्लीचिंग व अमोनिया यांपासून क्लोरॅमिन वायू होतात. मूत्रातही अमोनिया असतो. दोन्ही वायू श्वसनमार्गाचा दाह करतात. म्हणून शौचालय साफ करण्याच्या आम्लानंतर भरपूर पाणी ओतल्यावाचून ब्लीचिंग टाकू नये. लिंबू व व्हिनेगर हीदेखील आम्लेच आहेत. तीव्र आम्लाच्या सुट्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी निर्बंध घातले. खरेदीदाराची ओळख व नोंद आवश्यक असून अठरा वर्षांखालील व्यक्तीस विक्री करता येत नाही. दुकानदार सभासदांनी हे विसरू नये.

‘हर्बल’ म्हणजे निरुपद्रवी नव्हे

विदर्भाच्या आदिवासी भागात सिकलसेलची तपासणी आता परिचित आहे; राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानही १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. त्यासोबत जी-६-पीडी या विकराची जन्मजात न्यूनता ध्यानात ठेवावी. हे दोन वेगळे दोष आहेत. एकाची तपासणी झाली म्हणजे दुसऱ्याची झाली असे नव्हे. ही न्यूनता असलेल्या बालकाचे कपडे डांबरगोळ्यांत ठेवले तर नॅफ्थलीनच्या वाफेने रक्तकण फुटून तीव्र पांडू व कामला होऊ शकतात. मेंदीनेही अशा नवजातांत हेच घडल्याच्या नोंदी आहेत. मेंदी तर सर्वस्वी वनस्पतिज! डांबरगोळीऐवजी कापूर सुचविला जातो, पण कापूर पोटात गेल्यास लहान मुलास आक्षेपक येतात. निलगिरी तेलाचेही तसेच. तीक्ष्ण विषही योग्य योजनेने औषध होते आणि औषधही चुकीच्या योजनेने विष होते, हे चरकाचार्यांचे सूत्र स्वच्छता-द्रव्यांस पूर्णतः लागू आहे. नवजाताच्या कपड्यांना धुणे व कडक ऊन हाच निर्धोक उपाय होय.

वमन केव्हा करू नये

वमनावर आपला विश्वास असल्याने येथे विशेष सावधपणा हवा. फिनाइल, रॉकेल, टर्पेंटाइन, आम्ल किंवा तीव्र क्षार पोटात गेल्यास वांती करवू नये. तेल फुप्फुसात उतरते. दाहक द्रव्य अन्ननलिकेस दुसऱ्यांदा जाळते. मीठ, लिंबू, ताक काहीही पाजू नये. तोंड पुसून व चूळ भरवून घ्यावे, भिजलेले कपडे काढून त्वचा पाण्याने धुवावी. डोळ्यांत गेले असल्यास वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि बाटली रुग्णासोबत न्यावी. दरेकशासारख्या ठिकाणाहून गोंदियास पोहोचण्यास वेळ लागतो, म्हणून घरगुती उपायांत एक क्षणही दवडू नये.

सभासदांना विनंती

औषधी दुकानदारांनी सुटे फिनाइल व आम्ल पेयाच्या बाटलीत देणे आजपासून थांबवावे. मूळ बाटलीच विकावी आणि झाकण घट्ट आहे हे पाहावे. ‘हर्बल’ असे छापलेल्या उत्पादनावर घटकांची नावे नसल्यास ते फळीवर ठेवू नये. सालेकसा भागात गोंडी, छत्तीसगढी, हिंदी व मराठी बोलणारी कुटुंबे एकत्र नांदतात. तेथे इंग्रजी लेबल वाचून दाखविणे व प्रमाण बोटाने दाखविणे हे विक्रीचेच अंग मानावे.

वैद्यांनी ‘स्वच्छता ठेवा’ एवढे सांगून थांबू नये. कोणते द्रव्य, किती पाण्यात, कोणत्या जागी, कोणत्या द्रव्यासोबत नाही आणि मुलांच्या हाती न लागेल अशा कोठल्या फळीवर, ही पाच उत्तरे चिठ्ठीवर लिहून द्यावीत. आम्ही आता सूतिकेच्या प्रत्येक घरी ती लिहून देतो. ज्या घरी ती दिली नव्हती, तेथील बाटली आम्ही स्वतःच्या फळीवर ठेवली आहे. येणारा प्रत्येक जण ती कशाची म्हणून विचारतो आणि आम्हांस ते सांगावे लागते.