लहान चाक, मोठे शहर

विजेची स्कूटर म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे बसून चालवण्याचे वाहन येते. मी येथे बोलत आहे ते पाश्चात्त्य शहरांत उभ्याने चालवल्या जाणाऱ्या, वीतभर व्यासाच्या चाकांच्या स्कूटरविषयी.

तिचा धोका तिच्या रचनेतच आहे. सायकलचे मोठे चाक ज्या खड्ड्यावरून सहज निघून जाते, त्यात हे लहान चाक अडकते. वाहन थांबते, उभा असलेला स्वार मात्र पुढे फेकला जातो. आघात होतो तो हातांवर, चेहऱ्यावर आणि डोक्यावर. शिवाय वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते.

दक्षिण कॅलिफोर्नियातील दोन रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत सप्टेंबर २०१७ ते ऑगस्ट २०१८ या वर्षात आलेल्या अशा २४९ जखमींचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ४० टक्के जणांच्या डोक्याला इजा झाली होती. शिरस्त्राण घातल्याची नोंद शेकडा पाच स्वारांचीही नव्हती. मला अधिक अस्वस्थ करते ती निराळीच संख्या. जखमींपैकी २१ जण स्वार नव्हतेच! कोणी धडकेने पडले, तर कोणी उभ्या करून ठेवलेल्या स्कूटरला अडखळून.

पॅरिसने एप्रिल २०२३ मध्ये जनमत घेऊन त्याच वर्षी भाड्याच्या स्कूटर बंद केल्या. बंदी हाच एक उपाय आहे, असे मी म्हणत नाही. शिरस्त्राण, वेगमर्यादा व स्वतंत्र मार्गिका यांनी स्वाराचे रक्षण होईल; परंतु ज्याने हा धोका पत्करलाच नाही, त्या पादचाऱ्याचा पदपथ निर्वेध राखणे हे नगराचे पहिले कर्तव्य होय, असे माझे नम्र मत आहे.