अख्खं गाव शिफ्ट करायचंय!

मागच्या महिन्यात फ्लॅट बदलला आणि सतरा खोक्यांतच माझा जीव मेटाकुटीला आला. अलास्कातल्या शिशमारेफला तर अख्खं गाव हलवायचंय! चुक्ची समुद्रातल्या चिंचोळ्या बेटावर जेमतेम सहाशे माणसं, बहुतेक इनुपियाक. पूर्वी मोठ्या वादळांआधीच समुद्र गोठायचा, लाटा अडायच्या. आता बर्फ उशिरा धरतो आणि किनारा ढासळत जातो. १९९७ च्या वादळानंतर काही घरं चक्क उचलून दुसरीकडे न्यावी लागली. २०१६ मध्ये मतदान झालं: जाऊया म्हणणारे ८९, राहूया म्हणणारे ७८. पण नवं गाव वसवायला कोट्यवधी डॉलर लागतात, ते देणार कोण? म्हणून सगळे अजून तिथेच. मला ते ७८ जण कळतात, खरंच. किनारा खाणारा समुद्रच त्यांना सील देतो. मांस, तेल, कातडं, सगळं त्यातूनच.