एका डोंगराच्या दोन नद्या, दोन दगडी पूल

महाबळेश्वरच्या डोंगरात कोयना उगम पावते, आणि सावित्रीही. कोयनेवर, प्रतापगडाच्या पायथ्याच्या पार गावाजवळ, शिवकालीन म्हणून ओळखला जाणारा दगडी पूल अजून उभा आहे. महाडजवळ सावित्रीवरचा 1928 सालचा दगडी पूल मात्र 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. जुन्या पुलांचे कौतुक करताना हे दोन्ही पूल आठवावेत.

कमानीची करामत

काळा पाषाण दाब भरपूर सोसतो, ताण फारसा नाही. कमानीत दगडांच्या वाट्याला मुख्यतः दाबच येतो. पाचरीसारखे घडवलेले दगड वजन आले की एकमेकांना आणखी घट्ट धरतात. बांधताना खालून लाकडी साच्याचा आधार लागतो. माथ्यावरचा कळीचा दगड बसला की साचा काढायचा. सांध्यांतला चुना सिमेंटपेक्षा मऊ, त्यामुळे ऊन-थंडीची बारीक हालचाल तो जिरवतो. आणि लोखंडच नाही, तर गंजणार काय?

पारच्या पुलाचे खांब प्रवाहाच्या बाजूला त्रिकोणी आहेत. पाणी आपटण्याऐवजी दुभंगते.

दुखणे पायाशी

अशा पुलाला खरा धोका वरच्या ओझ्यापेक्षा खालच्या पाण्याचा. पुराचे पाणी खांबाशी भोवरे धरते आणि पायाजवळची माती-वाळू उकरून नेते. पूर ओसरताना तोच खड्डा सैल गाळाने भरतो. उन्हाळ्यात पाहणाऱ्याला सारे ठीकठाक दिसते!

वारसा कधीपासून?

1958 च्या केंद्रीय कायद्यानुसार प्राचीन स्मारकाला किमान 100 वर्षांचे वय लागते. महाडचा पूल पडला तेव्हा 88 वर्षांचा होता. माझ्या मते रहदारीच्या पुलाला वारशाच्या पाटीआधी पाण्याखालची तपासणी मिळायला हवी.

वाघाडीच्या काठी

घाटंजीच्या वाघाडी नदीवर किंवा आपल्या जिल्ह्यात कुठेही दगडी बांधकामाचा पूल दिसला, तर आधी सांध्यांत पिंपळ-उंबर उगवलेत का ते बघा. त्यांची मुळे दगड सुटे करतात. नुसते कापून भागत नाही, मुळासकट काढावे लागतात. मग पाणी जायची भोके बुजलीत का, ते पाहा. चुन्याच्या सांध्यांवर वरून सिमेंट फासले असेल, तर ओल आतच कोंडते. डांबराचे थरावर थर चढवणे हेही कमानीवर फुकटचे ओझे. नवा थर टाकण्याआधी जुना खरवडून काढायला सांगावे.